नेरुळला निघालेले पाहुणे नेरळला का पोहोचतात? ठाण्याहून लोकल चुकते त्यावरचे उपाय

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्या घरची अडचण हीच आहे का ते कळेल.

पाहुण्यांना ठाण्याहून नेरुळला जायचं असतं. तासाभराने फोन येतो, "अगं, बदलापूर गेलं, तुझं नेरुळ अजून कसं येईना?" हे सगळ्यात जुनं आणि ठळक लक्षण. दुसरं, नेरुळसाठी बसलेले पाहुणे वाशीला उतरून "इथून पुढे गाडी जात नाही म्हणतात" असं सांगतात. तिसरं, जायचं कोपरखैरण्याला आणि हातात तिकीट कोपरचं. चौथं, कळव्याला येणारे डोंबिवलीहून फोन करतात की गाडी थांबलीच नाही. पाचवं, गाडी बरोबर, स्टेशनही बरोबर, पण दारापर्यंत पोहोचायच्या आत गाडी सुटली. आणि सहावं, खिशात तिकीट असूनही दंड भरावा लागला.

आमचं घर ठाण्यात नौपाड्याला आणि ताई नेरुळला. मे महिना आणि दिवाळीच्या सुट्टीत सांगली-साताऱ्याकडची मंडळी चार दिवस माझ्याकडे, चार दिवस तिच्याकडे राहतात. मधल्या प्रवासात जे काही बिघडतं ते फोनवरून सावरण्याचं काम गेली बारा-पंधरा वर्षं माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली. दहांतल्या आठ वेळा चूक पाहुण्यांची नसते, त्यांना सांगणाऱ्यांची असते. "ठाण्याहून नवी मुंबईची गाडी पकडा, नेरुळला उतरा" एवढ्यावर आपण मोकळे होतो. रोज जाणाऱ्याला ते पुरतं. नवख्या माणसाला त्यात निम्मी माहितीसुद्धा मिळत नाही.

आता तपासण्या. पहिल्या फुकटात घरबसल्या होतात, पुढच्यांना पाय, पैसे आणि वेळ लागतो. म्हणून याच क्रमाने करा.

नाव पुन्हा एकदा मोठ्याने वाचा

नेरळ आणि नेरुळ यांत एका उकाराचा फरक आहे. नेरळ कर्जतच्या अलीकडे, माथेरानच्या पायथ्याशी. माथेरानची छोटी गाडी तिथूनच सुटते, १९०७ पासून. नेरुळ नवी मुंबईत, जुईनगर आणि सीवूड्स-दारावेच्या मधलं. दोन्हीकडे ठाण्याहून थेट लोकल जाते, आणि म्हणूनच चूक लवकर उघडकीला येत नाही. गाडी बदलावी लागली असती तर माणूस मध्येच कुठेतरी थबकला असता, कुणाला तरी विचारलं असतं. थेट गाडीत तो निवांत बसून राहतो. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत नाव लिहून पाठवलंत तर दोन नावांत एकाच अक्षराचा फरक उरतो. उलटंही होतं. माझ्या मावसभावाचे मित्र माथेरानला निघाले होते. ते नेरुळ स्टेशनबाहेर उभे राहून रिक्षावाल्याला डोंगराचा रस्ता विचारत होते.

एवढी एकच जोडी असती तर पाठ करून घेता आली असती. पण कोपर हे दिवा आणि डोंबिवलीच्या मधलं स्टेशन, कोपरी म्हणजे ठाणे पूर्व, कोपरखैरणे नवी मुंबईत आणि खारकोपर उरणच्या मार्गावर. तसंच खारघर पनवेलच्या वाटेवर, खार रोड थेट पश्चिम रेल्वेवर आणि खारेगाव कळव्याकडे. दिवा आणि दिघा गाव ही दोन स्टेशनंही ठाण्याजवळच, पण वेगवेगळ्या दिशांना. गर्दीत अर्धवट ऐकू आलेल्या नावावर लोक मनापासून रस्ता सांगतात. त्यांनी "नेरळ" ऐकलं की ते कर्जत गाडीकडे बोट दाखवणार, आणि त्यांचं काही चुकलेलं नसतं.

उपाय साधा आहे. स्टेशनचं नाव एकटं सांगू नका. "नवी मुंबईतलं नेरुळ, जुईनगरच्या पुढचं" असं मराठीत लिहून द्या. विचारतानाही पाहुण्यांनी "नवी मुंबईचं नेरुळ" एवढं पूर्ण म्हणावं. दोन जादा शब्दांनी हा दोष निम्म्याहून जास्त वेळा जागीच सुटतो.

आणि "अमुकावं स्टेशन" असं मोजून सांगू नका. ताई वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगायची, ठाणं सोडलं की सातवं नेरुळ. जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं आणि नेरुळ आठवं झालं. त्या उन्हाळ्यात आमची आत्या बोटांवर मोजत आली आणि बरोबर सातव्या स्टेशनवर, म्हणजे जुईनगरला, दोन पिशव्या घेऊन उतरली. तिने सांगितलेलं तंतोतंत पाळलं होतं.

मग प्लॅटफॉर्म

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला येऊन थांबली, तेव्हा पुढे रूळच नव्हते. आज ठाण्यात दहा प्लॅटफॉर्म आहेत आणि खरं म्हणजे दोन स्टेशनं एकाला एक चिकटलेली आहेत, असं समजलेलं बरं. नवी मुंबईच्या गाड्या, म्हणजे ट्रान्स हार्बर, ९ आणि १० नंबरवरून सुटतात. मुंबई आणि कल्याणकडे जाणारी मुख्य लाइन त्याहून कमी नंबरांच्या प्लॅटफॉर्मवर. त्यामुळे पाहुण्यांचा फोन आला की माझा पहिला प्रश्न "कोणत्या गाडीत बसलात" हा नसतो. मी विचारते, "मामा, पायाखालचा प्लॅटफॉर्म कितीचा?" चार किंवा पाच असं उत्तर आलं आणि जायचं नवी मुंबईला असलं, की गाडी आलेली असो वा नसो, आधी तिथून हलायचं.

१ नंबर पश्चिमेला आहे आणि १० नंबर पूर्वेला, कोपरीच्या बाजूला. नवी मुंबईला जाणाऱ्या पाहुण्यांच्या रिक्षावाल्याला शक्य असेल तर ठाणे पूर्वेलाच सोडायला सांगा. पश्चिमेला उतरलं तर बॅगा घेऊन अख्खा पूल पार करावा लागतो, आणि दमलेला माणूस मध्येच दिसेल त्या जिन्याने खाली उतरतो. मी हे फार वेळा पाहिलं आहे.

मुंबई पाहून सीएसएमटीहून परतताना हीच तपासणी उलट बाजूने करायची. तिथे १ आणि २ नंबरवर हार्बर लाइनच्या, म्हणजे वाशी-पनवेलच्या बाजूच्या गाड्या, ठाणे-कल्याणच्या लोकल ३ ते ७ वर. ठाण्याला यायचं असेल तर पहिल्या दोन प्लॅटफॉर्मवर थांबूच नका.

इंडिकेटरवरचं शेवटचं स्टेशन

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

९-१० नंबरवर आलात म्हणजे काम झालं असं नाही. ठाण्याहून सुटणाऱ्या सगळ्या गाड्या दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे आणि तुर्भ्यापर्यंत एकाच रुळावरून जातात. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो. वाशी गाडी उजवीकडे सानपाड्यावरून वाशीला जाऊन संपते. नेरुळ आणि पनवेल गाड्या जुईनगरवरून नेरुळकडे जातात. म्हणजे ऐरोली किंवा घणसोलीला जाणाऱ्याने कोणतीही गाडी पकडावी. नेरुळ, बेलापूर, खारघर यांपैकी कुठेही जाणाऱ्याने मात्र वाशी गाडीत बसायचं नाही, आणि वाशीला जाणाऱ्याने पनवेल गाडीत.

म्हणून पाहुण्यांना उतरायच्या स्टेशनबरोबर गाडीच्या शेवटच्या स्टेशनचंही नाव द्या. ताईकडे जायचं तर मी चिठ्ठीवर लिहिते: "उतरायचं नेरुळ. गाडीवर पनवेल किंवा नेरुळ असावं. वाशी असेल तर सोडून द्या." गाडीच्या कपाळावर आणि प्लॅटफॉर्मच्या इंडिकेटरवर उतरायच्या नव्हे, शेवटच्या स्टेशनचं नाव असतं. सातारा-सांगलीच्या एसटीच्या पाटीवर निदान एखादं मधलं गाव "मार्गे" म्हणून लिहिलेलं असतं, लोकलला तसं नसतं. खेड्यातून आलेला माणूस पाटीवर नेरुळ शोधत उभा राहतो आणि पनवेलच्या तीन गाड्या डोळ्यांदेखत जाऊ देतो.

तरी चुकून वाशी गाडीत बसलाच, तर तुर्भ्याच्या आत लक्षात येणं महत्त्वाचं. कोपरखैरणे गेलं की उठायचं, तुर्भ्याला उतरायचं, तिथेच थांबायचं आणि मागून येणारी पनवेल गाडी घ्यायची. तिकिटाचाही प्रश्न येत नाही, कारण तुर्भे वाटेतच आहे. तुर्भे सुटून गेलं असेल तर सानपाड्याला उतरा. ते हार्बर लाइनवरही आहे. सीएसएमटीकडून पनवेल किंवा बेलापूरला जाणारी गाडी मिळाली की पुढचं जुईनगर आणि त्यापुढचं नेरुळ.

वाशीला जाणारे पनवेल गाडीत बसले तर तुर्भे चुकल्यावर जुईनगरला उतरायचं आणि मुंबईकडची गाडी घ्यायची. इथे एक खाचखळगा आहे. जुईनगरहून मुंबईच्या दिशेच्या वाटेने येणाऱ्या काही गाड्या ठाण्याच्याही असतात. त्यांत बसलात तर परत तुर्भ्याला पोहोचाल. पुन्हा तीच गोष्ट, शेवटचं स्टेशन वाचा.

नेरुळहून ठाण्याला परतताना हाच दोष उलटा होतो. ठाण्याऐवजी सीएसएमटीची गाडी पकडली जाते. याची खूण अगदी सोपी आहे, आणि मी ती लहान मुलांनाही शिकवली आहे. वाशीनंतर लांबलचक खाडीपूल आणि दोन्ही बाजूंना पाणी लागलं, तर तुम्ही ठाण्याच्या गाडीत नाही. पुलापलीकडे मानखुर्द येतं. तिथे उतरा, वाशीला परत या आणि वाशीहून ठाणे गाडी घ्या.

धीमी की जलद

हा प्रश्न मुख्य लाइनवर येतो, ट्रान्स हार्बरवर नाही. ठाण्याला धीम्या आणि जलद दोन्ही लोकल थांबतात, त्यामुळे मुंबईहून ठाण्याला येणाऱ्याला जलद चुकीची नाही. पण कळवा, मुंब्रा, नाहूर, कांजूरमार्ग अशा ठिकाणी जलद गाड्या साधारणपणे थांबत नाहीत. शंका असेल तर धीमी घ्या. पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील, पण ती प्रत्येक स्टेशनवर थांबते, म्हणजे चूक लक्षात आली तर पुढच्याच थांब्यावर दुरुस्त करता येते.

इंडिकेटरवर शेवटच्या स्टेशनसाठी एक-दोन अक्षरं असतात आणि शेजारी धीमी-जलदची खूण. कर्जतसाठीचं अक्षर आणि धीमीची खूण दोन्ही इंग्रजी एसच. नवख्यांनी या अक्षरांच्या नादी लागूच नये. पूर्ण नाव वाचावं आणि लाउडस्पीकर ऐकावा.

उतरणं

बसायचं जमतं, उतरायचं जमत नाही, हे फार जणांचं होतं. लोकल जेमतेम अर्धा मिनिट थांबते. बॅग वरून काढून चप्पल शोधेपर्यंत ठाणं मागे पडलेलं असतं. दाराकडे एक स्टेशन आधी सरकायला लागा. धीम्या गाडीत ठाण्यासाठी मुलुंडला उठा. जलद गाडीत घाटकोपर सुटलं की तयारीला लागा, कारण पुढचे थांबे प्रत्येक गाडीला सारखे नसतात. पुढच्या माणसाला "ठाणे उतरणार का?" असं विचारा. तो उतरणार असेल तर त्याच्या मागे उभे राहा, नसेल तर तो बाजूला होईल. मुंबईकर यात मनापासून मदत करतात. "एक्स्क्यूज मी" म्हणत खांदे ढकलण्यापेक्षा हा एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

सकाळी मुंबईच्या दिशेने आणि संध्याकाळी मुंबईहून बाहेर, ही गर्दी सगळ्यांना माहीत असते. सकाळी ठाण्याहून ऐरोली-घणसोलीकडेही तशीच गर्दी असते, कारण कंपन्या त्या बाजूला आहेत. मोठ्या बॅगा असलेल्या पाहुण्यांना दुपारी बारा ते चारच्या मध्ये पाठवा. बायका आणि लहान मुलं असतील तर महिलांच्या डब्यात. पण आत कोण चढलं आणि बाहेर कोण राहिलं याची आधीच ठरवाठरव करा: उतरल्यावर सगळ्यांनी तिकीटघराजवळ भेटायचं, फोन लागो न लागो.

एवढं करूनही स्टेशन चुकलं, तर काही बिघडत नाही. पुढच्या स्टेशनला उतरून परत या. चालत्या गाडीतून उडी मारायची नाही. दारात लटकायचं नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलच्या दारातून माणसं पडली आणि काही जणांचा जीव गेला. कुणाचंही नेरुळ त्याहून मोठं नाही.

तिकीट

इथून पैसे लागायला सुरुवात होते. रेल्वेच्या ॲपवरून काढलेलं तिकीट ॲपमध्येच दाखवायचं असतं, स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून तुम्ही तुमच्या मोबाइलवर काढून पाहुण्यांना फोटो पाठवू नका. हे मी केलं होतं आणि दंड काकांना भरावा लागला. पाहुण्यांना ॲप जमत नसेल तर खिडकीवरून किंवा मशिनवरून कागदी तिकीट काढा.

तिरप्या लाल-पिवळ्या पट्ट्यांचा डबा पहिल्या वर्गाचा. रिकामा दिसतो म्हणून पाहुणे त्यात चढतात. तिकीट दुसऱ्या वर्गाचं असेल तर भाड्यातला फरक आणि वर किमान २५० रुपये दंड. एसी लोकलचं तिकीटही वेगळं असतं. चुकून तिकिटाच्या पुढच्या स्टेशनला गेलात, तर स्टेशनबाहेर जाऊन परतीचं नवीन तिकीट काढा. ते काही रुपयांत होतं.

दोन-तीन दिवस फिरायचंच असेल तर उपनगरी गाड्यांचं पर्यटक तिकीट काढा. एक, तीन आणि पाच दिवसांचं मिळतं, मध्य, हार्बर आणि पश्चिम तिन्ही लाइनींवर चालतं. गाडी चुकली, फाटा चुकला, पुढे गेलात, तरी तिकिटाची चिंता राहत नाही. आमच्याकडे येणाऱ्यांना मी आता पहिल्याच दिवशी हे काढून देते.

रविवार, मेगाब्लॉक आणि पाऊस

वरचं सगळं बरोबर असूनही गाडी येत नसेल, तर वार बघा. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो आणि तो कधी मुख्य लाइनवर, कधी हार्बरवर, कधी ट्रान्स हार्बरवर असतो. शनिवारी संध्याकाळी बातम्या किंवा एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळांचं ॲप बघून पाहुण्यांना सांगून ठेवा. ट्रान्स हार्बर बंद असेल तर ठाणे-बेलापूर रस्त्याने बस आहे. वेळ जास्त लागतो, पण मार्ग बंद होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये धो धो पाऊस असेल तर पाहुण्यांना त्या दिवशी घरीच ठेवा. गेटवे दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

वरचे उपाय वाट चुकण्यावरचे आहेत. पुढच्या गोष्टींत फोनवरून सल्ला देत बसू नका, मीही देत नाही.

लहान मूल किंवा विसरभोळे आजी-आजोबा गाडीत राहिले आणि तुम्ही बाहेर, तर मागच्या गाडीने पाठलाग करू नका. दोघेही हलत राहिलात तर भेट लांबते. आहात त्याच प्लॅटफॉर्मवरच्या रेल्वे पोलिसाला किंवा स्टेशन मास्तरला गाडीची वेळ, शेवटचं स्टेशन, डबा आणि कपड्यांचा रंग सांगा. पुढच्या स्टेशनला निरोप त्यांच्याकडून जातो. पोलीस जवळ दिसला नाही तर रेल्वेची हेल्पलाइन १३९, रेल्वे पोलीस १५१२, मुलांसाठी १०९८.

फोन, चप्पल, पिशवी, काहीही रुळावर पडलं तर खाली उतरू नका. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगा. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये बराच वेळ उभी राहिली आणि लोक उतरून रुळावरून चालू लागले, तरी पाहुण्यांनी गाडीतच बसून राहावं. शेजारच्या रुळावर गाडी येते ती वेग कमी करून येत नाही.

छातीत दुखलं, चक्कर आली, तर पुढच्या स्टेशनला उतरून लगेच स्टेशन मास्तरकडे. घरी पोहोचण्याची वाट पाहू नका. कुणी त्रास देत असेल, पाकीट किंवा मोबाइल गेला असेल, तर तक्रार रेल्वे पोलिसांकडेच नोंदवा, नंतर घराजवळच्या पोलीस ठाण्यात नको.

आणि रात्री. बारानंतर गाड्या आटोपत येतात आणि मग पहाटेपर्यंत मिळत नाहीत. ट्रान्स हार्बरवर त्याआधीच दोन गाड्यांमधलं अंतर वाढतं. रात्री अकरानंतर पाहुण्यांचा चुकीच्या स्टेशनवरून फोन आला, तर तुर्भे-सानपाड्याचे फाटे समजावत बसू नका. त्यांना तिकीटघराजवळ उजेडात बसायला सांगा आणि स्वतः रिक्षा करून घ्यायला जा. त्या वेळी मी तेच करते.